‘द पावडर टॉय’साठी नवा पदार्थ सुचवताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वाळू, पाणी, वायू अशा पदार्थांचे कण पडद्यावर टाकून त्यांचे वागणे पाहण्याच्या ‘द पावडर टॉय’ या मुक्त संगणकीय खेळासाठी नवा पदार्थ सुचवणाऱ्या बहुतेक सूचनांत पदार्थाचे नाव, त्याचा रंग आणि ‘पाणी लागताच मोठा स्फोट व्हावा’ अशा धर्तीची इच्छा, यापलीकडे काही नसते. तो पदार्थ किती अंशांना बदलतो, पाण्यात बुडतो की तरंगतो, त्यातून निघणारा वायू कोणत्या जागेत मावतो आणि खेळात आधीपासून असलेल्या पदार्थांपेक्षा तो वेगळे काय करतो, या प्रश्नांची उत्तरे वाचणाऱ्याने स्वतः शोधावीत असे गृहीत धरलेले असते. वाचणारा ती शोधत बसत नाही आणि सूचना तिथेच राहते.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. नाव आणि रंग मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहेत. उदाहरण म्हणून सर्वत्र चुना घेतला आहे, कारण त्याचे चक्र शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचे आहे: चुनखडी भाजली की चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, चुनकळीत पाणी घातले की ती तापून विरते, आणि विरलेला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. हे उदाहरण पद्धत समजण्यासाठी आहे. हाच पदार्थ सुचवायचा असेल तर पहिल्या टप्प्यातील शोध प्रत्येकाने स्वतः करावा.

पूर्वतयारी: खेळ आतून कसा चालतो

खेळाचे क्षेत्र ६१२ गुणिले ३८४ पिक्सेलचे असून, प्रकाशकणांसारखे ऊर्जाकण वगळता, एका पिक्सेलवर एकच कण राहतो. तापमान केल्विनमध्ये ० ते ९९९९ या मर्यादेत आणि दाब उणे २५६ ते अधिक २५६ या मर्यादेत असतो. हवेचा दाब प्रत्येक पिक्सेलसाठी स्वतंत्रपणे मोजला जात नाही, तर ४ गुणिले ४ पिक्सेलच्या चौकोनांसाठी मोजला जातो. त्यामुळे एकाच कणापुरता दाब बदलण्याची कल्पना या खेळात बसत नाही.

याहून महत्त्वाचा भेद असा की काही गोष्टी पदार्थाच्या प्रकाराला चिकटलेल्या असतात आणि काही एकेका कणाला. वजन, पडण्याची रीत, घन आहे की पूड, उष्णता किती वाहते, हे सारे प्रकाराचे गुण आहेत आणि त्या प्रकारच्या सर्व कणांना सारखेच लागू होतात. तापमान, वेग, उरलेले आयुष्य आणि ‘आधी हा कोण होता’ याची नोंद मात्र प्रत्येक कण स्वतःजवळ बाळगतो. वितळलेल्या लाव्हाच्या प्रत्येक कणाला आपण मूळचे काच होतो की लोखंड हे ठाऊक असते, ते या नोंदीमुळेच. हा भेद नीट न कळल्यामुळे तिसऱ्या टप्प्यात हमखास घोटाळा होतो.

तपासणी: खेळ स्पेस कळीने थांबवता येतो का, ‘एफ’ कळीने एकेक फ्रेम पुढे नेता येते का आणि ‘डी’ कळीने कणाची सविस्तर माहिती उघडता येते का, हे आधी करून पाहावे. या तीन कळा हाताशी नसतील तर पुढील चाचण्या करता येणार नाहीत.

टप्पा १: आधीपासून काय आहे ते शोधणे

खेळात जवळपास दोनशे पदार्थ आहेत आणि मेनू चाळून ते लक्षात राहत नाहीत. ‘ई’ कळ दाबल्यावर उघडणाऱ्या शोधपेटीत केवळ नाव घालू नये. वर्णनातील शब्दही घालून पाहावेत. चुन्यासाठी पाणी, पूड, दगड, घट्ट होणे, वीट अशा अर्थांचे इंग्रजी शब्द घालावेत. जे पदार्थ जवळचे वाटतील ते प्रत्यक्ष पटावर टाकून तापवावेत, भिजवावेत आणि दाबावेत. वर्णनाच्या एका ओळीत पदार्थाचे निम्मे वागणेही मावत नाही.

चुन्याला सर्वांत जवळचा सापडतो तो मातीचा भुगा. तो पाण्यात मिसळला की लगदा होतो आणि लगदा तापला की वीट होते. प्रस्ताव वाचणारा जाणकार पहिला आक्षेप हाच घेईल: भुगा, पाणी आणि घट्ट होणे हे सारे तर मातीत आहेच. या आक्षेपाचे उत्तर पहिल्याच टप्प्यात तयार हवे. माती घट्ट होण्यासाठी आच लागते आणि विटेची पुन्हा माती होत नाही. चुना घट्ट होण्यासाठी वायू लागतो, आच लागत नाही, आणि भट्टीत घातला की तो मागे फिरतो.

इशारा: नवे स्फोटक सुचवायचे असेल तर हा टप्पा दुप्पट काळजीने करावा. बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन, टीएनटी, सी-४ आणि त्यांची भावंडे खेळात आधीच आहेत. ‘याहून मोठा स्फोट’ हा वेगळा गुणधर्म ठरत नाही.

टप्पा २: उणीव एका वाक्यात लिहिणे

आता एकच वाक्य लिहावे: या पदार्थामुळे खेळाडूला असे काय करता येईल जे आज कोणत्याही जोडणीने करता येत नाही? चुन्यासाठी ते वाक्य असे होईल: ‘वायूच्या संपर्काने हळूहळू घट्ट होणारी आणि तापवल्यावर तोच वायू परत देणारी पूड आज खेळात नाही.’ या वाक्यात चुना हा शब्दही नाही, आणि तसेच हवे. वाक्यातून पदार्थाचे नाव काढल्यावर काहीच उरत नसेल, तर सुचवण्याजोगे वागणे अजून सापडलेले नाही आणि पुढे जाऊ नये.

टप्पा ३: किती प्रकार लागतील हे ठरवणे

खेळाच्या सध्याच्या रचनेत पदार्थांच्या क्रमांकांना ५१२ची मर्यादा आहे. त्याहून मोठे बंधन सेव्हचे, म्हणजे खेळाडूंनी जतन केलेल्या रचनांचे आहे. एखादा पदार्थ एकदा अधिकृत आवृत्तीत आला की लोकांच्या सेव्हमध्ये तो कायमचा जाऊन बसतो आणि नंतर काढला तर ती जुनी कामे मोडतात. म्हणून विकसक एका पदार्थाचाही विचार सावधपणे करतात, आणि एकदम पाच पदार्थांचे कुटुंब घेऊन येणारा प्रस्ताव वाचतानाच जड होतो.

चुन्याला वरवर पाहता तीन प्रकार लागतात: चुनखडी, चुनकळी आणि विरलेला चुना. यातील किती एकत्र करता येतील हे पूर्वतयारीतील भेदावरून ठरते. चुनखडी घन आहे आणि बाकीचे दोन्ही पूड आहेत. घन असणे हा प्रकाराचा गुण असल्याने चुनखडीला स्वतंत्र प्रकार द्यावाच लागेल. चुनकळी आणि विरलेला चुना मात्र दोन्ही पांढऱ्या पुडी असून सारख्याच पडतात, त्यामुळे दोघांना मिळून एकच प्रकार देऊन ‘विरला आहे की नाही’ एवढी खूण कणाजवळच्या मोकळ्या रकान्यात ठेवता येते. तीनाचे दोन झाले. प्रत्यक्षात दोघांची घनता वेगळी आहे (चुनकळीची सुमारे ३.३ आणि विरलेल्या चुन्याची सुमारे २.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर), पण दोघेही पाण्यात बुडतात आणि खेळापुरते तेवढे पुरे.

टप्पा ४: गुणधर्मांचा तक्ता

कोऱ्या कागदावरून आकडे ठरवू नयेत. जवळच्या एखाद्या पदार्थाचे सर्व गुणधर्म उतरवून घ्यावेत आणि जे बदलायचे तेवढेच बदलावेत. चुन्याच्या पुडीसाठी वाळू हा चांगला आधार आहे.

वजनाचा आकडा म्हणजे घनता नव्हे. कोण कोणाला बाजूला सारून खाली जाईल एवढेच तो सांगतो. वायूंचे वजन १च्या आसपास, तेलाचे २०, पाण्याचे ३०, वाळूचे ९० आणि घन पदार्थांचे १०० असते. चुन्याच्या पुडीला ८० ते ९०च्या दरम्यानचा कोणताही आकडा चालेल. त्याहून बारीक चर्चा करण्यात अर्थ नाही.

उष्णतावहनाचा आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो आणि तो सामान्यतः मनाला येईल तसा लिहिला जातो. धातूचा २५१, वाळूचा १५०, पाण्याचा २९ आणि उष्णतारोधकाचा ० आहे. पाण्याचा आकडा इतका लहान का, असा प्रश्न पडेल. खेळात सर्व कणांची उष्णताधारकता सारखीच मानलेली असल्याने, पाणी हळू तापते हा अनुभव वहन कमी करून साधला आहे. तेव्हा पुस्तकातील वहनांक उतरवण्यापेक्षा पदार्थ किती पटकन तापलेला दिसावा याचा विचार करून आकडा निवडावा. चुनखडीला ७० ते १०० ठेवल्यास भट्टीत बाहेरचा थर आधी आणि गाभा उशिरा तापताना दिसतो.

काठिण्याचा आकडा आम्लाला पदार्थ किती सहज खाता येतो हे दाखवतो, आणि ० म्हणजे आम्लाचा परिणाम शून्य. नाव फसवे असल्याने पुष्कळजण दगडासारख्या पदार्थाला ‘कठीण’ म्हणून मोठा आकडा देतात आणि तो पदार्थ आम्लात साखरेसारखा विरघळतो. चुनखडीच्या बाबतीत योगायोगाने मोठा आकडाच बरोबर आहे.

तपासणी: तक्त्यातील प्रत्येक आकड्यापुढे कारणाचे चार शब्द लिहिता येतात का ते पाहावे. ज्यापुढे कारण सुचत नाही तो आकडा आधारपदार्थाचाच ठेवावा.

टप्पा ५: अभिक्रिया आणि कणांचा हिशेब

पदार्थाच्या तक्त्यात ‘अमुक तापमानाच्या वर गेल्यास तमुक पदार्थ हो’ अशी तयार सोय असते आणि पाणी ३७३ केल्विनला वाफ होते ते तिच्यामुळेच. चुनखडीसाठी मात्र ती पुरत नाही, कारण ती एका कणाचा दुसरा एकच कण करते. चुनखडीतून चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन कण निघायला हवेत. सोपी सोय वापरली तर वायू हिशेबातून गायब होतो आणि ज्या वायूवर सारे चक्र उभे आहे तोच उरत नाही. म्हणून दर फ्रेमला चालणारे स्वतंत्र फंक्शन (कोडचा तुकडा) लागते, आणि ते लागणार हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे.

आता कणांची जमाखर्चवही मांडावी. चुनखडीचा १ कण भाजल्यावर चुनकळीचा १ आणि कार्बन डायऑक्साइडचा १. चुनकळीचा १ आणि पाण्याचा १ मिळून विरलेल्या चुन्याचा १. विरलेल्या चुन्याचा १ आणि कार्बन डायऑक्साइडचा १ मिळून चुनखडीचा १ आणि पाण्याचा १. चक्र पूर्ण झाल्यावर जेवढे कण घातले तेवढेच हाती येतात, आणि रसायनशास्त्रातील रेणूंचा हिशेबही असाच आहे. जिथे वही जुळत नाही तिथे पदार्थ एक तर शून्यातून वस्तुमान निर्माण करतो किंवा ते गिळतो, आणि खेळाडू अशी फट शोधून काढतातच.

वहीनंतर जागेचा प्रश्न येतो. भाजताना निर्माण होणाऱ्या वायूला शेजारी मोकळा पिक्सेल हवा. चुनखडीच्या ढेकळाच्या पोटातील कणाला चारही बाजूंनी चुनखडीच असते, तेव्हा वायू कुठे जाणार? यावर कण पुसून जागा करणे किंवा वायू निर्माण न करताच चुनकळी करणे असे दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्हींत वही मोडते. शेजार मोकळा नसेल तर तो कण बदलूच नये, हे सर्वांत सरळ. मग ढेकूळ बाहेरून आत भाजत जाते आणि आच लवकर काढली तर गाभा कच्चा राहतो. खऱ्या भट्टीतही मोठ्या ढेकळांचा गाभा असाच कच्चा राहतो, त्यामुळे हे बंधन फायद्याचेच ठरते. एक अट मात्र आहे: चुनकळी झालेला बाहेरचा कण पूड म्हणून गळून पडला पाहिजे, नाहीतर तोच आतल्या कणाची वाट अडवून बसतो.

शेजार तपासताना आठही शेजाऱ्यांवर दर फ्रेमला फेरी मारू नये. पट पूर्ण भरला तर २,३५,००८ कण होतात आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्यास फंक्शन सेकंदाला सुमारे १.४ कोटी वेळा चालते. आठ शेजाऱ्यांची फेरी म्हणजे त्याच्या आठपट. शिवाय ठरावीक क्रमाने फेरी मारली तर पहिल्या दिशेला झुकते माप मिळते आणि अभिक्रिया वरच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकताना दिसते. दर फ्रेमला यादृच्छिकपणे एकच शेजारी निवडल्यास दोन्ही अडचणी सुटतात.

मात्र त्यामुळे वेगाचे गणित बदलते आणि इथे पुष्कळ प्रस्ताव चुकतात. दर फ्रेमला साठात एक अशी शक्यता ठेवली तर अभिक्रियेला सरासरी एक सेकंद लागतो, हे बरोबर. पण आठांपैकी एकच शेजारी पाणी असेल तर तो निवडला जाण्याची शक्यताही आठात एक असल्याने एकूण शक्यता ४८०त एक होते आणि सरासरी वेळ आठ सेकंदांवर जातो. म्हणून प्रस्तावात शक्यतेचा आकडा एकटा देऊ नये. ‘एक शेजारी असताना सरासरी इतके सेकंद’ असे लिहावे.

इशारा: पुडीतून घन पदार्थ तयार होत असेल तर एक सापळा आहे. खेळातील घन कण खाली पडत नाहीत. विरलेल्या चुन्याची पूड हवेतून पडत असताना तिला कार्बन डायऑक्साइड भेटला, तर ती तिथेच चुनखडी होऊन अधांतरी लटकते आणि पटावर पांढरे ठिपके टांगलेले दिसू लागतात. घट्ट होण्यासाठी दोन अटी घालाव्यात: कणाचा वेग जवळजवळ शून्य असावा आणि त्याच्या खाली घन पदार्थ किंवा स्थिरावलेला चुना असावा.

शेजारच्या पदार्थांचे स्वतःचे वागणेही विसरू नये. खेळातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की सोड्याचे पाणी होते. म्हणजे एकाच भांड्यात चुना, पाणी आणि वायू असतील तर वायूसाठी पाणी आणि चुना यांच्यात चढाओढ लागेल. हे टाळण्यासाठी पाण्याच्या किंवा वायूच्या कोडला हात लावू नये. नव्या पदार्थाच्या अभिक्रिया नव्या पदार्थाच्याच फंक्शनमध्ये असाव्यात, कारण जुन्या पदार्थात केलेला लहानसा बदलही वर्षानुवर्षे जपलेली सेव्ह बिघडवू शकतो.

टप्पा ६: उष्णतेचा हिशेब

हा टप्पा बहुतेकजण गाळतात. चुनखडी भाजण्यासाठी प्रत्येक मोलला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. चुनकळी विरताना सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळते आणि विरलेला चुना चुनखडी होताना सुमारे ११३. शेवटच्या दोहोंची बेरीज १७८ होते, म्हणजे घेतलेली उष्णता पूर्ण परत. हे गुणोत्तर खेळातही राखावे.

किलोज्यूलला एक अंश असे सरळ रूपांतर करून पाहिले तर चुनकळी विरताना तापमान २२ अंश सेल्सिअसवरून ८७ अंशांपर्यंतच जाते आणि पाणी उकळत नाही. चुनकळीवर पाणी टाकल्यावर ते खदखदते हे तर या पदार्थाचे मुख्य दृश्य. तेव्हा तिन्ही आकडे दुप्पट करावेत: भाजताना ३५६ अंश घ्यावेत, विरताना १३० द्यावेत, घट्ट होताना २२६ द्यावेत. बेरीज जुळलेलीच राहते आणि विरणारा कण १५२ अंशांपर्यंत जाऊन शेजारच्या पाण्याची वाफ करतो.

जिथे दोन कण बाहेर पडतात तिथे उष्णता दोघांत निम्मी वाटावी. घट्ट होताना मग चुनखडी आणि पाणी दोघेही १३५ अंशांवर येतात आणि पाणी लगेच वाफ होऊन जाते. खऱ्या भिंतीत हे काम इतके सावकाश चालते की उष्णता हाताला जाणवत नाही. इथे दृश्य राखावे की बेरीज, हा निवडीचा प्रश्न आहे. माझ्या मते बेरीज राखावी, कारण तपासणाऱ्याला ती ताडून पाहता येते.

एक दोष मात्र उरतो. खेळात नवा कण निर्माण झाला की त्याचे तापमानही त्याच्यासोबत निर्माण होते. भट्टीतून एका तापलेल्या कणाचे दोन तापलेले कण बाहेर येतात आणि पटावरील एकूण उष्णता वाढते. तो पूर्णपणे घालवायचा तर वायू थंड बाहेर काढावा लागेल आणि ते डोळ्यांना खोटे दिसेल. दोष ठेवावा, पण प्रस्तावात लपवू नये.

तापमानाच्या मर्यादा ठरवताना पदार्थाची प्रत्येक अवस्था टोकापर्यंत तापवून पाहण्याचा विचार करावा. चुनखडी सुमारे ११७० केल्विनला भाजते. विरलेला चुना सुमारे ७८५ केल्विनला पाणी सोडून पुन्हा चुनकळी होतो. चुनकळी सुमारे २८८६ केल्विनला वितळते आणि तिचा लाव्हा होतो. ‘विरलेला चुना तापवला तर काय’ हा प्रश्न प्रस्तावात राहून गेला तर पहिला परीक्षक तोच प्रयोग करतो.

तपासणी: विरताना तापमान स्वतःच्या बळावर किती चढू शकते याची वरची मर्यादा कागदावर काढावी. विरलेल्या कणाचे तापमान म्हणजे चुनकळी आणि पाणी यांच्या तापमानांची सरासरी अधिक १३०. द्रव पाणी ३७३ केल्विनपलीकडे जात नाही आणि चुनकळी शेजारच्या तापलेल्या चुन्याइतकीच तापू शकते. या दोन गोष्टींवरून मर्यादा ६३३ केल्विन येते. ती ७८५च्या खाली आहे, म्हणजे चुना विरता विरता स्वतःच्याच उष्णतेने परत कोरडा होणार नाही. मर्यादा वर गेली असती तर विरणे आणि कोरडे होणे यांचे न थांबणारे चक्र सुरू झाले असते.

टप्पा ७: स्क्रिप्टमध्ये नमुना तयार करणे

मूळ खेळ सी++ भाषेत आहे, पण नमुन्यासाठी त्यात शिरण्याची गरज नाही. खेळात ल्युआ या सोप्या भाषेतील स्क्रिप्टची सोय असून ‘ऑटोरन’ नावाची ल्युआ फाइल खेळ सुरू होताना आपोआप चालते. तीत क्रम असा ठेवावा: आधी नव्या पदार्थासाठी जागा मागून घ्यावी, मग आधारपदार्थाचे सर्व गुणधर्म त्यात उतरवावेत, मग चौथ्या टप्प्यातील बदल करावेत, आणि फंक्शन सर्वांत शेवटी जोडावे. फंक्शन शेवटी जोडले की गुणधर्म उतरवताना ते पुसले जाण्याची शंका राहत नाही.

नवा कण निर्माण करताना त्याचे तापमान हाताने भरावे लागते. केवळ प्रकार बदलला तर कणाचे जुने तापमान टिकते, पण नव्याने निर्माण केलेला कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या २२ अंशांवर जन्माला येतो. ११७० केल्विनच्या भट्टीत गार वायू सोडल्यावर भट्टी विझल्यासारखी होते आणि दोष मात्र उष्णतावहनाच्या आकड्यात शोधला जातो.

इशारा: ल्युआतील नमुना मूळ कोडपेक्षा हळू चालतो, त्यामुळे खेळ मंदावला म्हणून लगेच अभिक्रिया कापू नयेत. तसेच नमुन्याचा पदार्थ वापरलेले सेव्ह इतरांना देताना स्क्रिप्टही द्यावी, कारण ती नसेल तिथे तो पदार्थ भरवशाने उघडत नाही.

टप्पा ८: चाचण्या

पहिली चाचणी मोजणीची. साध्या भिंतीच्या बंद चौकटीत चुनखडीचे १०० कण सुटे सुटे टाकावेत, तापवावेत आणि सर्व भाजल्यावर १०० चुनकळी आणि १०० वायू आहेत का ते मोजावे. पाणी घालण्यापूर्वी वायू वेगळ्या कप्प्यात काढावा, नाहीतर सोड्याच्या पाण्यामुळे मोजणी चुकेल आणि दोष चुन्याच्या माथी येईल.

दुसरी चाचणी उष्णतेची. सभोवतालच्या हवेची उष्णता मोजण्याचा पर्याय बंद ठेवून चुनकळी आणि पाणी समसमान घ्यावे आणि तापमान दाखवणाऱ्या दृश्यप्रकारात पाहावे. कोणताही कण ६३३ केल्विनच्या वर गेलेला दिसला तर कुठेतरी उष्णता दोनदा मिळते आहे. असे बहुधा तेव्हा होते, जेव्हा चुनकळीचे फंक्शन वाफेलाही पाणीच समजते.

तिसरी चाचणी परक्या पदार्थांची. विजेची ठिणगी, आम्ल, लाव्हा, द्रव नायट्रोजन, न्यूट्रॉन आणि विषाणू हे सहा तरी पदार्थाजवळ आणून पाहावेत. प्रत्येकासाठी खास अभिक्रिया असण्याची गरज नाही. ‘काही होत नाही’ हेही उत्तर आहे, मात्र ते पाहून लिहिलेले असावे.

चौथी चाचणी गर्दीची: पटाचा अर्धा भाग भरून फ्रेमचा वेग पाहावा, आणि तुलनेसाठी तेवढीच वाळू भरून पुन्हा पाहावा.

टप्पा ९: नाव, वर्णन आणि मांडणी

खेळातील छोटी नावे रोमन मोठ्या अक्षरांत आणि बहुधा चार अक्षरांची असतात. निवडलेले नाव आधीच्या कोणत्याही नावाशी जुळत नाही याची खात्री करावी. वर्णन एका ओळीचे असावे आणि त्यात खेळाडूने काय करून पाहावे हे कळावे. ‘पाण्याने तापते, कार्बन डायऑक्साइडने घट्ट होते’ एवढे पुरते. रंग निवडताना मीठ, बर्फ आणि काच यांच्या शेजारी ठेवून पाहावा. पांढऱ्या पदार्थांची खेळात आधीच दाटी आहे, त्यामुळे चुनकळीला किंचित पिवळट छटा द्यावी आणि विरलेल्या चुन्याला थोडी निळसर.

प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागतो आणि त्यातील क्रम वाचणाऱ्याच्या शंकांच्या क्रमाने असावा. दुसऱ्या टप्प्यातील वाक्य सर्वांत वर, त्याखाली जवळच्या पदार्थाशी तुलना, मग गुणधर्मांचा तक्ता, मग अभिक्रिया आणि त्यांची जमाखर्चवही, मग उष्णतेचे तीन आकडे व उरलेला दोष, आणि शेवटी नमुन्याची स्क्रिप्ट व एक छोटे सेव्ह. सेव्हमध्ये एकच गोष्ट दाखवावी. भट्टी, हौद आणि भिंत असा संपूर्ण कारखाना उभारला तर पाहणाऱ्याला नेमके काय पाहायचे ते कळत नाही.

इशारा: एका प्रस्तावात एकच पदार्थ किंवा एकमेकांवाचून न चालणारी जोडी असावी. ‘चुना, आणि त्यासोबत सिमेंट व जिप्समही’ असे लिहिल्यास चर्चा सर्वांत कच्च्या पदार्थावर घसरते आणि चुना बाजूला राहतो.

टप्पा १०: आक्षेप आल्यानंतर

आक्षेप तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींना एकच उत्तर देऊ नये. ‘हे अमुक पदार्थाने होते’ असा आक्षेप असेल तर ती जोडणी करून पाहावी. ती खरोखर चालत असेल तर प्रस्ताव मागे घ्यावा, चालत नसेल तर ती कुठे अडते हे दाखवणारे सेव्ह द्यावे. ‘हा आकडा चुकीचा आहे’ असा आक्षेप असेल तर आकडा बदलून चाचण्या पुन्हा कराव्यात आणि बदललेला तक्ता मूळ प्रस्तावातच भरावा. तो उत्तरांच्या ओघात टाकला तर नंतर येणारा वाचक जुनाच तक्ता वाचतो. ‘याचा उपयोग काय’ असा आक्षेप असेल तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जावे लागते, कारण वरचे वाक्य पटलेले नाही आणि खालचे आकडे कितीही वाढवले तरी ते पटणार नाही. प्रत्येक बदलाबरोबर स्क्रिप्टच्या फाइलला नवा क्रमांक द्यावा आणि जुनी फाइल काढून टाकू नये, म्हणजे कोणत्या आक्षेपानंतर कोणता आकडा बदलला हे सहज ताडून पाहता येते.